सीओईपी : १८५४ च्या वर्गापासून २०२२ च्या विद्यापीठापर्यंत नेमके काय बदलले?

नदीकाठ

सीओईपी (पुण्याचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय) 'विद्यापीठ झाले' म्हणजे काय झाले, हा प्रश्न दर वर्षी प्रवेशाच्या हंगामात चार-पाच धाग्यांवर विखरून येतो आणि अर्धवट उत्तरांवर संपतो. म्हणून हा स्वतंत्र धागा. सुरुवातीचा इतिहास मी मांडतो. परीक्षा, पैसा, कागदपत्रे यांवर इथल्या जाणकारांनी भर घालावी.

संस्थेची सुरुवात जुलै १८५४ ची. नाव होते पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल. हेतू मर्यादित होता : सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती. मोजणी करणारे, नकाशा काढणारे, कामावर देखरेख ठेवणारे. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली होती, घाटातला मार्ग, रस्ते, पूल, कालवे यांची कामे समोर होती, आणि प्रत्येक कामाला विलायतेहून माणूस आणणे परवडणारे नव्हते. त्याआधी देशात या प्रकारच्या दोन जागा होत्या : मद्रासजवळ गिंडीची मोजणी शाळा (१७९४) आणि रुरकीचे महाविद्यालय (१८४७).

१८६० च्या दशकात या वर्गाचे महाविद्यालय झाले आणि ते मुंबई विद्यापीठाला जोडले गेले. मुख्य इमारतीची कोनशिला १८६५ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते बसली. प्राचार्य थिओडोर कुक जवळपास तीन दशके होते. ते मूळचे रेल्वेचे अभियंते, पण वनस्पतिशास्त्रातही तितकेच मोठे. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची त्यांनी केलेली नोंद आजही अभ्यासक वापरतात. १८८० च्या सुमारास संस्थेचे नाव 'कॉलेज ऑफ सायन्स' झाले, कारण शेती आणि वनविद्येचे वर्गही इथेच भरू लागले होते. पुढे शेतीचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले, आणि १९११ मध्ये 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पूना' हे नाव आले. सीओईपी हे लघुरूप तिथले.

आता मुद्दा. एवढ्या नामांतरांत एक गोष्ट २०२२ पर्यंत बदलली नाही : पदवी दुसऱ्याची होती. आधी मुंबई विद्यापीठाची, १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाल्यावर पुण्याची. शिकवायचे सीओईपीने, शिक्का विद्यापीठाचा. २३ जून २०२२ पासून राज्याच्या कायद्याने 'सीओईपी टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी' हे एकल (इतर महाविद्यालये न जोडलेले) सार्वजनिक विद्यापीठ अस्तित्वात आले, तेव्हा हा शिक्का पहिल्यांदा संस्थेच्या हातात आला.

पाटबंधारे

चांगला धागा. पदवीच्या नावाबद्दल थोडी भर.

सुरुवातीची विद्यापीठीय पात्रता म्हणजे एल.सी.ई., लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनिअरिंग. बी.ई. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली, आणि यंत्र शाखाही त्याच सुमाराची. विद्युत १९३२. धातुशास्त्र आणि दूरसंचार स्वातंत्र्याच्या आगेमागे.

विश्वेश्वरय्या हे या एल.सी.ई.चे सर्वांत ठळक उदाहरण. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. करून ते म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याला आले, १८८३ मध्ये एल.सी.ई. झाले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. महाविद्यालय आणि खाते यांचा सांधा किती थेट होता ते यावरून दिसते. १९०३ मध्ये त्यांचे स्वयंचलित दरवाजे खडकवासल्याला बसले : पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेले की दरवाजे आपोआप उघडायचे, उतरले की मिटायचे. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. धरण महाविद्यालयापासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर. स्थापत्य शाखा या संस्थेत एवढी बळकट का राहिली, याचे बरेचसे उत्तर भूगोलात आहे.

दूरसंचार शाखा सुरू झाल्यावर पहिल्या काही वर्षांतच विद्युत अभियांत्रिकीतले नामवंत संशोधक थॉमस कैलाथ (१९५६) आणि कार्बन डायऑक्साइड लेसरचे जनक सी. कुमार पटेल (१९५८) बाहेर पडले. दोघांच्याही पदवीवर पुणे विद्यापीठ आहे. परदेशी चरित्रकोशांत सीओईपीचे नाव शोधताना लोक चुकतात ते यामुळे.

लघुगणक

नदीकाठ, '२०२२ पर्यंत बदलले नाही' हे पदवीपुरते बरोबर आहे. पण शिक्षणाच्या दृष्टीने मोठा सांधाबदल २००३-०४ चा, स्वायत्ततेचा. २०२२ चा बदल त्याच्यावर उभा आहे. तो नीट सांगतो, कारण नव्या पालकांना 'स्वायत्त' आणि 'विद्यापीठ' यांतला फरक कळत नाही.

संलग्न महाविद्यालय असताना अभ्यासक्रम कसा बदलायचा? विद्यापीठाच्या अभ्यास मंडळात डझनावारी महाविद्यालयांचे प्रतिनिधी. तिथून प्रस्ताव विद्याशाखेकडे, मग विद्या परिषदेकडे. शिवाय जो विषय घालायचा तो सगळ्यात कमी साधने असलेल्या महाविद्यालयालाही शिकवता आला पाहिजे. त्यामुळे अभ्यासक्रम काही वर्षांनी एकदम बदलतो. पुण्यात त्यालाच 'पॅटर्न' म्हणतात : २००८ पॅटर्न, २०१२, २०१५, २०१९. दोन पॅटर्नच्या मध्ये एखादे तंत्र जुने झाले तरी प्रश्नपत्रिकेत ते राहतेच. आणि ज्याचा विषय मागे राहिला, त्याला पॅटर्न बदलला की समकक्ष विषय शोधत परीक्षा विभागाच्या खिडकीवर उभे राहावे लागते.

स्वायत्ततेनंतर अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद संस्थेची स्वतःची झाली, त्यांवर उद्योगातली माणसे आली, सत्र पद्धत व श्रेयांक (क्रेडिट) आले. शिकवणाराच प्रश्नपत्रिका काढतो, तोच तपासतो, उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला दाखवतो. हा शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. दुरून तपासलेल्या पेपरात चूक कुठे झाली ते कळतच नाही. इथे दोन आठवड्यांत कळते आणि त्याच सत्रात सुधारता येते.

यात काय बिघडू शकते तेही सांगतो. शिकवणारा आणि तपासणारा एकच असला की प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षे सारखी होत जाते, वरच्या वर्गाच्या जुन्या पेपरांवर काम भागते. उपाय माहीत आहेत : बाहेरच्या तज्ज्ञाकडून प्रश्नपत्रिकांची नमुना तपासणी, सापेक्ष श्रेणी (वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ठरणारी) देताना गुणांचे वितरण विभागाच्या बैठकीत मांडणे, आणि प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक. हे जिथे मनापासून होते तिथे श्रेणीला अर्थ उरतो.

ओव्हरसियर

लघुगणक यांनी परीक्षेची बाजू मांडली, मी पैशाची मांडतो. माझ्या मते तीच निर्णायक.

२००३ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने टेक्विप हा तंत्रशिक्षण गुणवत्ता सुधार कार्यक्रम सुरू झाला. निवड झालेल्या संस्थांना स्वायत्तता द्यावी, नियामक मंडळ नेमावे, शुल्क संस्थेकडे राहू द्यावे आणि सरकारने ठोक अनुदान द्यावे, अशा त्याच्या सुधारणा होत्या. त्याआधी शासकीय महाविद्यालयात विद्यार्थ्याने भरलेले शुल्क सरळ कोषागारात जायचे. प्रयोगशाळेतले यंत्र बंद पडले तर दुरुस्तीसाठी संचालनालय, मंत्रालय, लेखाशीर्ष, मार्चअखेर. यंत्र दोन वर्षे झाकून ठेवलेले दिसे त्याचे कारण हे, प्राध्यापकांचा आळस नव्हे.

टेक्विपमध्ये संस्थेने चार निधी उभे करायचे होते : कायम निधी, शिक्षक-कर्मचारी विकास निधी, उपकरण बदली निधी आणि देखभाल निधी. यातला उपकरण बदली निधी लोक विसरतात. अनुदानातून यंत्र घेता येते, पण ते सात-आठ वर्षांनी जुने होणार हे कोणत्याच अंदाजपत्रकात नसते. दर वर्षी थोडी रक्कम बाजूला पडली तरच प्रयोगशाळा टिकते. सीओईपीच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष टीसीएसचे फकीरचंद कोहली होते, त्यामुळे उद्योगाची शिस्त आणि माजी विद्यार्थ्यांचे पाठबळ दोन्ही आले. संचालकपदी अनिल सहस्रबुद्धे असतानाचा (२००६ ते २०१५) काळ याच रचनेचा. पुढे ते एआयसीटीईचे (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे) अध्यक्ष झाले.

कच्चा दुवा आहे तो मनुष्यबळाचा. पगार राज्य सरकारचे, म्हणून पदांचा आकृतिबंध वित्त विभागाच्या मंजुरीवर अवलंबून. शाखा वाढवायची परवानगी विद्या परिषद देईल, पण पद नाही मिळाले तर तो विषय कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडे जातो. तो शिक्षक चांगला असला तरी पीएच.डी.चा विद्यार्थी घेऊ शकत नाही, प्रयोगशाळा उभारायला थांबत नाही. विद्यापीठाचा दर्जा मिळाल्याने हे आपोआप सुटत नाही. कायद्यात अधिकार आहेत, पद मात्र शासन निर्णयानेच येते.

मृण्मयी_म

ओव्हरसियर, लघुगणक, दोघांचेही आभार. दोन प्रश्न. एक, लोणेऱ्याचे बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आधीपासून असताना सीओईपीला त्यातच का नाही घातले? दोन, विद्यापीठ झाल्यावर एआयसीटीईची मान्यता लागते का? कॉलेजांच्या माहितीपत्रकांत हे कुठेच सरळ लिहिलेले नसते.

नदीकाठ

मृण्मयीताई, पहिल्याचे उत्तर देतो.

लोणेऱ्याचे विद्यापीठ १९८९ च्या कायद्याचे, रायगड जिल्ह्यात माणगावजवळ. तेही मुळात एकल, म्हणजे आपल्याच परिसरात शिकवणारे आणि आपलीच परीक्षा घेणारे होते. २०१४ च्या कायदादुरुस्तीने ते संलग्नता देणारे झाले, कार्यक्षेत्र सगळे राज्य. म्हणजे राज्यातले कोणतेही अभियांत्रिकी महाविद्यालय आपले पारंपरिक विद्यापीठ सोडून तिकडे जाऊ शकते. त्यामागे रास्त विचार होता : कला-वाणिज्यासह सगळे सांभाळणाऱ्या विद्यापीठावरचा अभियांत्रिकीचा भार कमी व्हावा.

पण दोन्ही कामांचा स्वभाव वेगळा. संलग्न विद्यापीठाचा बहुतेक वेळ वेळापत्रक, परीक्षा केंद्रे, मूल्यमापन केंद्रे, निकाल आणि संलग्नता समित्यांत जातो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ मध्ये निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावण्याची अट आहे. शेकडो महाविद्यालये असली की ती पाळणे हेच मोठे काम होऊन बसते. सीओईपी अशा विद्यापीठात घातले असते तर परिस्थिती पुन्हा २००३ च्या आधीसारखी झाली असती.

तमिळनाडूतला अनुभव इथे उपयोगी आहे. गिंडीसह चार संस्था मिळून १९७८ मध्ये अण्णा विद्यापीठ झाले, एकल. २००१ च्या सुमारास राज्यातली सगळी अभियांत्रिकी महाविद्यालये त्याला जोडली. भार इतका वाढला की २००७ मध्ये विद्यापीठाचे तुकडे करावे लागले, आणि २०१२ मध्ये ते पुन्हा एक करावे लागले. रुरकीने दुसरी वाट धरली : १९४९ मध्ये एकल विद्यापीठ, २००१ मध्ये आयआयटी. संलग्नतेचा भार कधी घेतलाच नाही. महाराष्ट्राने सीओईपीला एकल ठेवले हे म्हणूनच योग्य झाले, आणि भविष्यात कुणी 'पुणे विभागातली चार महाविद्यालये जोडून टाकू' म्हणाले तर त्याला विरोध करायला हवा.

लघुगणक

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. भारतीदासन विद्यापीठ विरुद्ध एआयसीटीई या २००१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला स्वतःच्या विभागात तंत्रशिक्षणाचा अभ्यासक्रम सुरू करायला एआयसीटीईची पूर्वपरवानगी लागत नाही. मानके मात्र पाळावी लागतात, आणि परिषद तपासणी करू शकते. संलग्न महाविद्यालयाला ही मोकळीक नाही. पालकांनी पाहायची गोष्ट वेगळी : त्या शाखेला एनबीएचे (राष्ट्रीय मानांकन मंडळाचे) मानांकन आहे का आणि कोणत्या वर्षापर्यंत. ते संस्थेला नव्हे, शाखेला मिळते. एकाच आवारात एका शाखेला असेल, दुसरीला नसेल.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) बाबतीत कायद्याच्या दोन कलमांत गल्लत होते. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ २(एफ) मध्ये येतेच, म्हणजे पदवी वैध. १२(बी) हे वेगळे : केंद्रीय अनुदानासाठी पात्र ठरवणारे. १७ जून १९७२ नंतरच्या विद्यापीठाला त्यासाठी स्वतंत्रपणे पात्र ठरावे लागते. '१२(बी) नाही म्हणजे पदवी बोगस' असे लिहिणारे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात.

पीएच.डी.त फरक लगेच जाणवतो. पूर्वी संशोधन केंद्र पुणे विद्यापीठाचे, मार्गदर्शकाची मान्यता तिथली, प्रबंध तिथे. आता नोंदणीपासून मौखिकीपर्यंत सगळे संस्थेत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगीकडे ६, सहायकाकडे ४ विद्यार्थी, आणि अभ्यासक्रमाचे किमान १२ श्रेयांक. म्हणजे ओव्हरसियर म्हणाले तेच पुन्हा पुढे येते : नियमित पदे किती भरली, त्यावर संशोधनाची कमाल मर्यादा आधीच ठरलेली आहे.

भट्टी

प्रवेशाबद्दल. सीओईपीत पदवीला एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा आणि कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरी हाच मुख्य मार्ग आहे, पदविकाधारकांना थेट दुसरे वर्ष. कटऑफच्या यादीत प्रवर्गाच्या संकेताचे शेवटचे अक्षर पाहा : 'एच' म्हणजे स्वगृह विद्यापीठ, 'ओ' म्हणजे स्वगृहाबाहेरचे, 'एस' म्हणजे राज्यस्तर. सीओईपीच्या जागा 'एस' खाली दिसतात, म्हणून लातूरचा, नागपूरचा आणि पुण्याचा विद्यार्थी एकाच यादीत स्पर्धा करतो. शेजारच्या खाजगी महाविद्यालयाचा 'एच' कटऑफ आणि सीओईपीचा 'एस' कटऑफ यांची तुलना केली तर अंदाज चुकतो. पर्याय भरताना शाखेचा संकेतांक मागच्या वर्षीच्या यादीवरून उचलू नका, चालू वर्षाच्या पुस्तिकेतून घ्या. संकेतांक बदलतात आणि अर्ज निश्चित झाल्यावर त्या फेरीत दुरुस्ती होत नाही.

बाकी इथे कुणी 'स्वयम्' या उपग्रहाचा उल्लेख केला नाही याचे आश्चर्य वाटले. २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकाने सोडलेल्या २० उपग्रहांपैकी एक सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा होता. वजन साधारण १ किलो, कडा १० सेंटीमीटरच्या. त्यातली अभियांत्रिकीची गंमत म्हणजे दिशा राखायला मोटर नव्हती. कायमचुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळतो आणि हिस्टेरिसिस कांड्या फिरण्याची ऊर्जा खाऊन डोलणे शांत करतात. वीज लागत नाही, बिघडायला हलता भाग नाही. अडचण अशी की चुंबकाची ताकद आणि कांड्यांचे आकारमान आधीच बरोबर ठरवावे लागते. कांड्या चुंबकाच्या फार जवळ बसल्या तर त्या संपृक्त होतात (आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाहीत) आणि डोलण्याचे शमन होत नाही. वर गेल्यावर दुरुस्ती नाही. हे काम वर्षानुवर्षे चालले, विद्यार्थ्यांच्या तुकड्या बदलत गेल्या, आणि जे टिकले ते लिहून ठेवलेल्या नोंदींमुळे. स्वायत्ततेचा खरा उपयोग इथे दिसतो : श्रेयांक, प्रयोगशाळेची वेळ आणि खर्चाची मंजुरी एकाच आवारात मिळते.

टोरांटोकर

ट्रान्सक्रिप्टबद्दल (सगळ्या सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याबद्दल) कुणी नेमके सांगेल का? पदवी पुणे विद्यापीठाची, गुणपत्रिका सीओईपीच्या, आणि आता विद्यापीठ तिसरेच. परदेशी पदव्या तपासणाऱ्या इथल्या मूल्यांकन संस्थेला कोणाकडून कागद जायला हवेत?

ओव्हरसियर

हे खूप जणांना लागते, म्हणून सविस्तर. आधी तुमचा काळ ठरवा.

स्वायत्ततेच्या आधीचे प्रवेश : परीक्षा पुणे विद्यापीठाने घेतली, गुणपत्रिका विद्यापीठाच्या. ट्रान्सक्रिप्ट आणि पदवी पडताळणी दोन्ही विद्यापीठाकडून. २०१४ पासून त्याचे नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. जुन्या प्रमाणपत्रावर नुसते 'पुणे विद्यापीठ' असते, ते बदलून घ्यायची गरज नाही.

स्वायत्त काळातले : गुणपत्रिका संस्थेच्या परीक्षा विभागाच्या, म्हणून ट्रान्सक्रिप्ट सीओईपीकडून. पदवी पुणे विद्यापीठाची, म्हणून पदवीची पडताळणी विद्यापीठाकडून. तुम्ही यात मोडता. दोन अर्ज, दोन शुल्के, दोन पाकिटे. एकाच ठिकाणी अर्ज करून वाट पाहत बसण्यात महिना-दीड महिना सहज जातो.

ज्यांची पदवीच नव्या विद्यापीठाची, त्यांना सगळे एकाच ठिकाणी.

अर्जाआधी मूल्यांकन संस्थेकडून तुमचा संदर्भ क्रमांक घ्या आणि तो अर्जात आणि पाकिटावर दोन्हीकडे लिहायला सांगा. क्रमांकाशिवाय पोचलेले पाकीट तिथे पडून राहते. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका जोडा, नापास झालेल्या सत्राचीही. अनेक जण फक्त शेवटची पास गुणपत्रिका देतात आणि अर्ज परत येतो.

सर्वांत जास्त अडकते ते नाव. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव, आणि आईचे नाव वेगळ्या रकान्यात. पारपत्रावर क्रम वेगळा. क्रमाचा फरक बहुधा चालतो, स्पेलिंगचा चालत नाही. लग्नानंतर नाव बदलले असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत द्या. गुणपत्रिकेवरचे नाव बदलून घ्यायच्या फंदात पडू नका, ते आता होणे कठीण.

आणि सीजीपीएचे शेकड्यात रूपांतर करताना ९.५ ने गुणू नका. तो आकडा सीबीएसईच्या दहावीचा होता. तुमच्या तुकडीला लागू असलेले सूत्र परीक्षा विभागाच्या पत्रावर मागा आणि ते पत्र ट्रान्सक्रिप्टच्याच पाकिटात घालायला सांगा.

टोरांटोकर

म्हणजे दोन अर्ज. पदवी प्रमाणपत्र घेतले नसेल, फक्त तात्पुरते प्रमाणपत्र असेल तर?

ओव्हरसियर

मग आधी दीक्षांत प्रमाणपत्राचा अर्ज पुणे विद्यापीठाकडे, विलंब शुल्कासह. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर बहुतेक मूल्यांकन संस्था पदवी पूर्ण झाली असे धरत नाहीत. स्वतः जाता येत नसेल तर नातेवाइकाला अधिकारपत्र द्या, त्यासोबत दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती. पडताळणीचा अर्ज प्रमाणपत्र हातात आल्यावरच करा, कारण त्यावरचा क्रमांक त्या अर्जात लिहावा लागतो. सीओईपीकडचा ट्रान्सक्रिप्टचा अर्ज मात्र आजच टाका, तो यासाठी थांबत नाही.